सोन्यावरचा थर आणि कर्त्याचे अनुमान

गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात नवेगाव बांधचा तलाव आहे. डोंगरांमधल्या खिंडी पाळ घालून बुजवायच्या आणि पाणी अडवायचे, एवढेच त्यामागचे तंत्र. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला हे काम कोलू पाटील कोहळी यांनी केले असे परंपरा सांगते, आणि त्याच परंपरेने पुढे त्यांना देव केले. तलावाभोवतीच्या एका डोंगरावर कोलासुराचे ठाणे आहे. तिथल्या शिखरांना सात बहिणी म्हणतात आणि तलाव पुरा करायला त्यांनी हात लावला, अशी कथा आहे. ही कथा बाजूला ठेवली, कोलू पाटलांचे नावही कुणाला ठाऊक नसते, तरी त्या पाळेवर उभा राहिलेला परका माणूस 'हे कुणीतरी बांधले' असेच म्हणाला असता आणि त्याचे म्हणणे खरे ठरले असते. माती उताराने खाली जाते. ती आपण होऊन खिंडीच्या तोंडाशी चढून रांगेत बसत नाही. शेताला पाणी सोडणारे तुडूम सखल बाजूला असणे आणि पुराचे जादा पाणी काढणारी सलंग पाळेच्या माथ्याहून खाली असणे, हे कुणाच्या तरी डोक्यातून आल्याशिवाय घडत नाही. रचनेवरून रचणाऱ्याकडे जाणारे हे अनुमान निर्दोष आहे. वाद सुरू होतो तो हेच अनुमान तलावावरून डोंगराकडे, डोंगरावरून झाडापानांकडे आणि तिथून सबंध जगाकडे ताणले जाते तेव्हा.

ताणणारे लोक सामान्य बुद्धीचे नव्हते. न्यायदर्शनातल्या ईश्वरसिद्धीचा सगळा डोलारा 'जे जे कार्य ते ते कर्त्याने केलेले, जसा घट' या व्याप्तीवर, म्हणजे अटळ साहचर्याच्या नियमावर, उभा आहे, आणि उदयनाचार्यांनी 'न्यायकुसुमांजली'त तो इतका पक्का बांधला की पुढच्या शतकांत विरोधकांना त्याला वळसा घालून जाता आले नाही. ब्रह्मसूत्राच्या दुसऱ्या अध्यायातल्या दुसऱ्या पादाची सुरुवातच रचनेच्या मुद्द्याने होते: सांख्यांचे अचेतन प्रधान जगाचे कारण होऊ शकत नाही, कारण अचेतनाकडून रचना होत नाही. शंकराचार्य भाष्यात घर, राजवाडा, शय्या, आसन अशी उदाहरणे देतात. दगडमातीतून या वस्तू बुद्धिमान कारागिराशिवाय झालेल्या कुणी पाहिल्या नाहीत, मग एवढे विचित्र जग जडातून कसे होईल, असा त्यांचा सवाल आहे. इंग्लंडमध्ये विल्यम पेली यांनी १८०२ साली माळरानावर सापडलेल्या घड्याळाचा जो दाखला दिला, त्याच्याही शेकडो वर्षे आधी आपल्याकडे हा युक्तिवाद अधिक काटेकोरपणे मांडला गेला होता आणि अधिक काटेकोरपणे तपासलाही गेला होता. आजच्या प्रवचनांतून तो बहुधा पेलींच्या घड्याळासकट ऐकू येतो, ही आपल्या विस्मरणाची गंमत आहे. या व्याप्तीची कसोटी घ्यायला जुन्या पंडितांकडे दूध, पाणी, अंकुर, वारूळ असे दाखले होते. आज आपल्याकडे त्यांच्याहून स्वच्छ दाखला आहे, कारण त्यात काय घडते ते पायरी पायरीने मोजलेले आहे. तो दाखला म्हणजे धातूच्या इलेक्ट्रोडवर आपोआप लागणारा एका रेणूच्या जाडीचा थर आणि त्या थरातून पार होणारे इलेक्ट्रॉन.

सोन्याचा स्वच्छ पत्रा घ्यावा. अल्कोहोलमध्ये थायॉल जातीचे रेणू अगदी थोड्या प्रमाणात विरघळवावेत. हे रेणू लांबट असतात. एका टोकाला गंधकाचा अणू, मागे कार्बनची दहा, बारा, सोळा दुव्यांची शेपटी. पत्रा त्या द्रावणात सोडला की गंधक सोन्याला धरतो. पहिल्या काही मिनिटांतच पृष्ठभाग जवळजवळ झाकला जातो, पण तेव्हा शेपट्या अस्ताव्यस्त असतात. पुढच्या काही तासांत त्या एकमेकींना चिकटत, जागा बदलत, सरळ होत जातात. रात्रभर ठेवलेल्या पत्र्यावर सकाळी जो थर मिळतो त्यात गंधकाचे अणू एकमेकांपासून सुमारे अर्ध्या नॅनोमीटरवर षट्कोनी मांडणीत बसलेले असतात, आणि सगळ्या शेपट्या उभ्या रेषेपासून सुमारे ३० अंशांनी एकाच बाजूला कललेल्या असतात. एका चौरस सेंटिमीटरवर असे सुमारे साडेचारशे लाख कोटी रेणू मावतात. थराची जाडी दीड-दोन नॅनोमीटर. अमेरिकेतल्या नौदलाच्या प्रयोगशाळेत बिगेलो, पिकेट आणि झिसमन यांनी १९४६ साली प्लॅटिनमवर द्रावणातून असे थर लागतात हे दाखवले होते. गंधक आणि सोने ही जोडी नुझो आणि अॅलारा यांनी १९८३ साली पुढे आणली आणि तिथून या विषयाने वेग घेतला. यातल्या एकाही रेणूला कुणी उचलून जागेवर ठेवलेले नाही. गंधक-सोने बंधातून ऊर्जा बाहेर पडते, शेजारच्या शेपट्यांच्या दुबळ्या आकर्षणातून प्रत्येक कार्बनमागे आणखी थोडी बाहेर पडते, चुकीच्या जागी बसलेला रेणू हलत राहतो आणि बरोबर जागी बसलेला टिकतो. व्यवस्था एवढ्यावर उभी राहते.

इथे कुणी उष्मागतिकीचा दुसरा नियम पुढे करतो: जगाचा कल अव्यवस्थेकडे आहे, तेव्हा व्यवस्था दिसली की कुणीतरी ती लावलीच पाहिजे. हा आक्षेप लवकर निकालात निघतो. थर लागताना उष्णता बाहेर जाते, भोवतालच्या द्रावणातली अव्यवस्था वाढते आणि एकूण हिशेब नियमाप्रमाणेच लागतो. थर नियम मोडून लागत नाही, नियमामुळेच लागतो.

पण एका रेणूच्या जाडीचा थर डोळ्यांना दिसत नाही. तो आहे, त्यात क्रम आहे आणि तो अभंग आहे, हे ठरवायचे कसे? इथे इलेक्ट्रॉन कामाला येतात, आणि मला या सगळ्या प्रकरणात तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला देण्यासारखे सर्वांत मोलाचे इथेच सापडते. कार्बनच्या शेपट्यांचा थर विद्युतरोधक असतो. अभिजात यामिकी खरी असती तर सोन्यातल्या इलेक्ट्रॉनला हा अडसर ओलांडण्याइतकी ऊर्जा नसल्याने तो पलीकडे गेलाच नसता. पुंजयामिकीप्रमाणे त्याच्या तरंगाचे टोक अडसराच्या आत शिरते आणि जाडीबरोबर वेगाने मंदावत जाते. थर पुरेसा पातळ असेल तर पलीकडे थोडी शक्यता उरते. याला टनेलिंग म्हणतात. मोजमापांनी दाखवून दिलेले असे की शेपटीत कार्बनचा एक दुवा वाढला की इलेक्ट्रॉन पार होण्याचा वेग साधारण एक-तृतीयांशावर येतो. दहा दुवे वाढवले तर तो वीस हजारांहून अधिक पटींनी घटतो. क्रिस्टोफर चिडसी यांनी १९९१ साली थरातल्या काही मोजक्या रेणूंच्या मोकळ्या टोकाला फेरोसीन हा लोहयुक्त गट बसवला आणि सोन्यापासून त्या गटापर्यंत इलेक्ट्रॉन किती वेगाने ये-जा करतात ते मोजले. सोळा दुव्यांच्या शेपटीवर तो वेग सेकंदाला एखाद्या खेपेच्या आसपास भरला. विद्युतदाब आणि तापमान बदलले की हा वेग कसा बदलेल, याचा हिशेब रुडॉल्फ मार्कस यांच्या १९५६ पासून उभ्या राहिलेल्या सिद्धांताने आधीच करून ठेवला होता, आणि मोजलेले आकडे त्याच्याशी जुळले. मार्कस यांना १९९२ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

विद्युतधारेवरून न दिसणाऱ्या थराकडे जाणे हेही अनुमानच आहे: धूर दिसला, अग्नी मानला. मात्र ते करणाऱ्यांनी एक पथ्य पाळले. थरात कुठे छिद्र असेल, तर द्रावणातला पदार्थ थेट सोन्यापर्यंत पोहोचतो आणि तिथे जी धारा वाहते ती टनेलिंगची नसते. म्हणजे धारा दिसली एवढ्यावरून 'इलेक्ट्रॉन थरातून पार झाले' असे म्हणता येत नाही. छिद्र ही या अनुमानातली उपाधी, म्हणजे अनुमान पोकळ करणारी लपलेली अट आहे, नैयायिक ज्या अर्थाने हा शब्द वापरतात त्याच अर्थाने. धूर ओल्या सरपणाच्या जोडीने येतो, नुसत्या अग्नीने नाही, हा त्यांचा नेहमीचा दाखला. उपाधी वगळण्यासाठी फेरोसीन द्रावणात मोकळे न सोडता शेपटीच्या टोकालाच बांधले गेले, म्हणजे ते छिद्रातून खाली उतरू शकत नाही. शेपट्यांची लांबी बदलून पाहिली, कारण छिद्रातून वाहणारी धारा लांबीप्रमाणे अशी पद्धतशीर घटणार नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतले एन. के. चाकी आणि के. विजयमोहनन यांनी २००२ साली या थरांचा जैवसंवेदकांसाठी कसा उपयोग होतो याचा जो आढावा लिहिला, त्या उपयोगाचा पायाही हाच: थर किती सलग आहे आणि त्यातून काय जाते हे खात्रीने कळले तरच त्यावर संवेदक उभारता येतो. वेगळे स्पष्टीकरण शक्य आहे का हे आधी विचारायचे, ते खोटे पडेल अशी परीक्षा योजायची आणि मगच निष्कर्ष मांडायचा.

आता रचनेवरून कर्त्याकडे जाणाऱ्या अनुमानाला हेच पथ्य लावू. त्यातली उपाधी कोणती? माझे उत्तर असे: घटकांची उदासीनता. मातीला घट होण्यात काही रस नाही. माती घटाच्या आकारात असली काय आणि ढेकळाच्या आकारात असली काय, तिच्या स्वभावाला दोन्ही सारखेच. म्हणून दोहोंतला फरक बाहेरून कुणीतरी आणावा लागतो. नवेगावच्या पाळेत तर घटक उदासीनही नाहीत, उलट विरुद्ध आहेत. माती खाली जाऊ पाहते आणि तिला वर चढवून ठेवावे लागते. अशा ठिकाणी कर्त्याचे अनुमान बलवान असते. सोन्यावरचे थायॉलचे रेणू मात्र मांडणीबद्दल उदासीन नसतात. त्यांना मोकळे सोडले तर त्यांचा कल त्या मांडणीकडेच असतो, आणि ती मोडायची असेल तर बाहेरून ऊर्जा घालावी लागते. म्हणजे 'रचना तिथे कर्ता' ही व्याप्ती खरी नाही. 'उदासीन घटकांची रचना तिथे कर्ता' एवढी मर्यादित व्याप्ती खरी आहे. घट, घर, शय्या, राजवाडा, घड्याळ, तलाव ही सगळी लाडकी उदाहरणे याच मर्यादित वर्गातली आहेत, हा योगायोग नव्हे. माणूस ज्या वस्तू हाताने घडवतो त्या सगळ्या तशाच असतात, कारण आपोआप होणाऱ्या वस्तू घडवायची त्याला गरजच पडत नाही. उदाहरणे गोळा करतानाच निवड झाली आणि मग त्या निवडीतून विश्वाचा नियम काढला गेला.

यावर पहिला प्रतिवाद सहज सुचतो. सोने शुद्ध कुणी केले, द्रावण कुणी बनवले, पत्रा रात्रभर कुणी बुडवून ठेवला? रसायनशास्त्रज्ञानेच ना? मग कर्ता आहेच. या म्हणण्यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत आहे. प्रयोग करणाऱ्याने परिस्थिती पुरवली. मांडणी पुरवली नाही. रेणू अर्ध्या नॅनोमीटरवर बसतील की एका, ३० अंशांनी कलतील की ६०, हे त्याने ठरवलेले नाही, आणि त्याला वाटले म्हणून ते बदलतही नाही. गाफील, अडाणी किंवा झोपलेला माणूस भांड्याशेजारी असला तरी थर तसाच लागतो. आणि प्रयोगशाळा मध्ये नको असेल, तर श्रावणात गोंदियाच्या कुठल्याही बांधीत उभे राहावे. धानाच्या पात्यावर पाऊस थेंब होऊन घरंगळतो, कारण पात्यावर मेणाचे सूक्ष्म स्फटिक असतात. तलावातल्या कमळाच्या पानावर हे मेण बारीक नळ्यांच्या रूपात असते. तो एका रेणूचा थर नव्हे, रसायनही वेगळे आहे; पण पानावरून काढलेले हे मेण द्रावकात विरघळवून दुसऱ्याच पृष्ठभागावर सुकू दिले तरी तशाच नळ्या पुन्हा उभ्या राहतात. वनस्पती मेण बनवते आणि बाहेर सोडते. नळीचा आकार मेण स्वतः घेते.

दुसरा प्रतिवाद नैयायिकाचा, आणि तो जास्त धारदार आहे. तो म्हणेल: तुम्ही अपवाद म्हणून जो थर दाखवता तो वादग्रस्त क्षेत्रातलाच आहे. अंकुर, डोंगर, पान, थर या सगळ्यांना अदृश्य कर्ता आहे हेच मला सिद्ध करायचे आहे. तेव्हा 'इथे कर्ता दिसत नाही' हा व्यभिचार, म्हणजे व्याप्तीला अपवाद, होऊ शकत नाही. शंकराचार्यही हीच वाट धरतात. सांख्यांनी वासरासाठी पाझरणारे दूध आणि आपोआप वाहणारे पाणी यांचा दाखला दिला, तेव्हा त्यांचे उत्तर होते की तिथेही चेतनाचे अधिष्ठान मानावे. या उत्तराने अनुमान वाचते, पण किंमत फार पडते. कर्ता दिसला तर तो व्याप्तीचा पुरावा, कर्ता दिसला नाही तर तो अदृश्य कर्त्याचा विषय. मग व्याप्ती खोटी ठरेल असा एकही प्रसंग जगात उरत नाही. जिला खोटे ठरण्याची जागाच नाही ती व्याप्ती अनुभवातून मिळवलेली राहत नाही, आणि न्यायदर्शनाला तर ती अनुभवातूनच मिळवायची होती. बौद्ध आचार्य धर्मकीर्ती यांनी हे दुखणे फार पूर्वी ओळखले होते. घट हा मातीचा विकार आणि तो कुंभाराने केलेला, एवढ्यावरून भागत असेल तर वारूळही मातीचाच विकार, तेही कुंभाराने केले म्हणा, असे त्यांनी सुनावले होते. वारुळाचे उदाहरण त्यांना वाटले असेल त्याहूनही चांगले आहे. तिथे माती उदासीन आहे, ती वाहून आणणारे जीवही आहेत, आणि तरी सबंध वारुळाचा आराखडा कुठल्याच वाळवीच्या डोक्यात नाही.

तिसऱ्या प्रतिवादाला मी पहिल्या दोहोंपेक्षा जास्त मान देतो. रेणूंची षट्कोनी रांग हा क्रम फारच साधा आहे. मिठाच्या खड्यातही तो असतो. ईश्वरवादी ज्या रचनेकडे बोट दाखवतो ती डोळ्याची, पेशीची, मेंदूची आहे, जिथे अनेक भाग एका कामासाठी जुळलेले दिसतात. बरोबर आहे. सोन्यावरच्या थरावरून डोळ्याचा उलगडा होत नाही, आणि तसा दावा करणारा माणूस त्याच चुकीत पडेल जी आपण इथे तपासतो आहोत. डोळ्याचा उलगडा डार्विन यांनी १८५९ साली वेगळ्या मार्गाने मांडला. तिथे वंशपरंपरा, भेद आणि निवड ही कारणे आहेत, बंध आणि आकर्षण पुरत नाही. तरीही थराची साक्ष क्षुल्लक ठरत नाही. न्यायाची व्याप्ती 'गुंतागुंतीची कार्ये' एवढ्यांपुरती नव्हती, ती सर्व कार्यांची होती, आणि सार्वत्रिक व्याप्ती एका खऱ्या अपवादाने पडते. अपवाद साधा असल्याने काही बिघडत नाही. उलट साधा असल्यामुळे तो शेवटपर्यंत तपासता येतो. शिवाय पेशीचे आवरणही स्निग्ध रेणूंच्या आपोआप जुळलेल्या दोन थरांचे असते, आणि श्वसनात व प्रकाशसंश्लेषणात इलेक्ट्रॉन प्रथिनांमधून टनेलिंगनेच टप्पे गाठतात. 'फारच साधा' म्हणून ज्याला बाजूला सारले ते जीवनाच्या अगदी आत बसलेले आहे. आणखी एक गोष्ट नजरेआड करू नये. हे थर परिपूर्ण नसतात. सोन्याच्या पायऱ्यांवर, खड्ड्यांवर, दोन दिशांनी कललेल्या पट्ट्यांच्या सीमेवर दोष राहतातच, आणि तापमान दिले की किती दोष राहतील याचा अंदाज बांधता येतो. कारागिराच्या चुकीला असा नियम नसतो.

मग ईश्वरवादी एक पायरी मागे सरकतो. मांडणी रेणूंच्या स्वभावातून आली हे मान्य, पण गंधकाला सोन्याची ओढ कुणी दिली? पुंजयामिकीचे नियम कुणी घातले? हा प्रश्न मोठा आहे आणि तो विचारणाऱ्याला गप्प करावे असे मला वाटत नाही. फक्त हा जुना युक्तिवाद राहिलेला नाही, एवढी नोंद व्हायला हवी. घट आणि कुंभार यांचा संबंध आपण पाहिलेला आहे. निसर्गनियम आणि नियम घालणारा यांचा संबंध आपण कुठेही, कधीही पाहिलेला नाही. कुंभार मातीचे गुणधर्म घडवत नाही, मिळालेल्या गुणधर्मांचा वापर करतो. कोलू पाटलांनीही पाण्याला समपातळी धरायला शिकवले नाही. पाणी ती धरतेच, हे ओळखून त्यांनी पाळ घातली. म्हणजे कर्तृत्वाचा जेवढा अनुभव माणसाला आहे तो सगळा नियम आधीपासून असलेल्या जगातला आहे. त्या अनुभवाचा हात धरून नियमांच्याच उगमाकडे जाता येणार नाही. तिथे जायचे असेल तर वेगळी शिडी लागेल, आणि ती शिडी घेऊन आलेल्या माणसाने 'घटासारखे' हा शब्द खाली ठेवून यावे.

याच्या अगदी उलट दिशेने येणारा एक मोह आहे आणि तो सध्या फार बोकाळला आहे. इलेक्ट्रॉन भिंतीतून पार होतो, म्हणजे विज्ञानालाच गूढाची कबुली द्यावी लागली. म्हणजे माया, चैतन्य, संकल्पशक्ती हे सगळे सिद्ध झाले, असे म्हणणारे लोक आहेत. टनेलिंग चमत्कारिक वाटते हे खरे, पण ते लहरी नाही. कोणता इलेक्ट्रॉन कोणत्या क्षणी पार होईल हे सांगता येत नाही. पण लाखो इलेक्ट्रॉन मिळून किती वेगाने पार होतील ते कार्बनचे दुवे मोजून सांगता येते, आणि पाहणारा श्रद्धाळू आहे की नास्तिक याने त्या आकड्यात फरक पडत नाही. जिथे हिशेब इतका चोख लागतो तिथे ईश्वराला लपवून ठेवणे हा ईश्वराचाही सन्मान नव्हे. गोंदिया जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, सालेकसा तालुक्यातल्या कचारगडाच्या गुहेशी माघ पौर्णिमेला गोंडांच्या कोया पुनेम धर्माची यात्रा भरते. त्या परंपरेत फडापेन ही सर्वोच्च शक्ती सल्ला आणि गांगरा या परस्परपूरक तत्त्वांतून समजावली जाते, आणि हल्ली त्यांना विद्युतभाराच्या धन-ऋण जोडीशी जुळवण्याची पद्धत दिसते. समजावून सांगण्याची सोय म्हणून ते चालेल, पुरावा म्हणून चालणार नाही. इलेक्ट्रॉनच्या भाराला ऋण म्हणणे हा अठराव्या शतकातल्या नामकरणाचा वारसा आहे. उलटी नावे दिली असती तरी एकही प्रयोग बदलला नसता. जगण्यातल्या जोडीदारीबद्दल काही सांगणारे तत्त्व अशा नावापुरत्या गोष्टीला बांधले तर ते मोठे होत नाही, लहान होते. हीच गोष्ट उपनिषदांना पुंजयामिकीचे प्रशस्तिपत्र मिळवून देणाऱ्यांनाही लागू आहे.

शेवटचा आक्षेप बुद्धीचा कमी आणि काळजीचा जास्त आहे: रचनेचा आधार काढून घेतला तर सामान्य भाविकाच्या हातात काय उरते? मला वाटते, त्याच्या हातात जे होते ते तसेच राहते, कारण त्याची भक्ती मुळात त्या आधारावर उभी नव्हती. कोलासुराला हात जोडणारा माणूस त्याला विश्वाचा आराखडाकार मानत नाही; पाणी अडवणाऱ्याचे ऋण मानतो. पारी कुपार लिंगोला गोंड समाज वंदन करतो तो लोकांना गोत्रव्यवस्था आणि धर्म देणारा म्हणून. पंढरीच्या वाटेवरच्या वारकऱ्याला पाय दुखत असताना कार्यत्व आणि सकर्तृकत्व यांची व्याप्ती आठवत नाही. अनुमानाने सिद्ध केलेला ईश्वर ही पंडितांच्या सभेची गरज होती. त्या सभेत समोर बौद्ध आणि मीमांसक बसलेले होते, आणि मीमांसक कुमारिल भट्ट तर वेदांना मानूनही जगाचा कर्ता मानायला तयार नव्हते. तेव्हा या युक्तिवादावर टीका करणे म्हणजे धर्मावर घाला, ही समजूत आपल्याच इतिहासाला सोडून आहे.

उलट बाजूने, नास्तिकांनीही या थराला विजयपताका समजू नये. सोन्यावर रेणू आपोआप मांडले जातात, यावरून ईश्वर नाही असे ठरत नाही. एका अनुमानाचा पाय लंगडा आहे, एवढेच ठरते. लंगड्या अनुमानाचा निष्कर्ष दुसऱ्या कारणाने खरा असू शकतो, हे तर्कशास्त्राच्या पहिल्या धड्यात शिकवतात आणि वादाच्या भरात दोन्ही बाजू विसरतात.

ज्यांना कीर्तन-प्रवचनात घड्याळाचा किंवा घटाचा दाखला देण्याची सवय आहे, त्यांना एक विनंती आहे. ब्रह्मसूत्राच्या पहिल्या अध्यायातल्या, पहिल्या पादातल्या तिसऱ्या सूत्रावरचे रामानुजाचार्यांचे 'श्रीभाष्य' एकदा सावकाश वाचावे. जग कार्य आहे म्हणून त्याचा एकच सर्वज्ञ कर्ता आहे, हे अनुमान तिथे त्यांनी बारकाईने मोडून काढले आहे. घटाच्या दाखल्यावरून देहधारी आणि अनेक कर्तेही सिद्ध होतील, हे दाखवून दिले आहे. आणि ईश्वर शास्त्रातूनच कळतो, अनुमानाने नाही, असा निर्णय दिला आहे. ते खंडन नास्तिकाचे नाही. विष्णुभक्तीचा एक मोठा संप्रदाय त्या आचार्यांच्या नावाने आजही चालतो.